रेंजमध्येच बसवलेला तवा घ्यावा का? ओटा फोडण्याआधी एकदा वाचा

आमच्या स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा टाइल्सवर दोन दिवसांत एकमत झालं. ग्रिडलवर, म्हणजे शेगडीतच बसवलेल्या तव्यावर, सात आठवडे झालं नाही. मला तो हवा होता, कारण रविवारचे डोसे मी करतो आणि सहाजणांना एकेक करून वाढता वाढता माझा स्वतःचा डोसा साडेअकराला होतो. आईला तो नको होता. बायकोचा प्रश्न एवढाच होता, "पुसणार कोण?"

त्या सात आठवड्यांत मी टिळक रोडपासून बाणेरपर्यंत दुकानं पालथी घातली. मोजमापं चुकवली, एक काच फोडली आणि बरंच काही शिकलो. तुम्ही पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नवी कुकिंग रेंज (जमिनीवर उभी राहणारी, वर बर्नर आणि खाली ओव्हन असलेली शेगडी) बसवायच्या विचारात असाल, तर माझ्या चुका तुम्ही परत करायचं कारण नाही.

१. आधी शब्दांचा घोळ मिटवा

ग्रिडल म्हणजे शेगडीच्या वरच्या पृष्ठभागातच बसवलेला सपाट, चौकोनी तवा. पावभाजीच्या गाडीवरचा तवा डोळ्यासमोर आणा, तो लहान करा आणि बर्नरच्या शेजारी बसवा.

ग्रिल वेगळं. ओव्हनच्या आत वरच्या बाजूला लाल होणारी कांडी असते, ते ग्रिल. शेगडीच्या वर पनीर भाजायला जाळी असते, तिलाही ग्रिल म्हणतात. दुकानातली मुलं हे दोन्ही शब्द खुशाल अदलाबदल करून वापरतात. मला एकाने "हो सर, ग्रिडल आहे ना" म्हणत चक्क ओव्हनचं दार उघडून दाखवलं. फोनवर विचारू नका. फोटो मागवा.

ग्रिडल तीन प्रकारे मिळतो:

- कायमचा बसवलेला: प्लेट हलत नाही, खाली स्वतःचा बर्नर असतो आणि बऱ्याचदा थर्मोस्टॅटही (तापमान ठरावीक ठेवणारी सोय). साधारणपणे ९० सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद रेंजमध्ये मिळतो. बहुतेक माल बाहेरच्या देशातला.
- उचलता येणारा: मध्ये एक लांबट बर्नर आणि त्यावर ठेवायची जड प्लेट. प्लेट काढली की जाळी ठेवून कढई चढवता येते.
- विजेचा: ओट्यात कापून बसवायची साधारण ३० सेंटिमीटर रुंदीची पट्टी. तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट लागतो. मिक्सरच्या प्लगवर चालेल असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

२. आठ दिवस तव्याची वही ठेवा

हे कंटाळवाणं वाटेल, पण खरा निर्णय इथेच होतो. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि तव्यावर काय, किती आणि कोणी केलं ते रोज लिहा. घरातल्या सगळ्यांना लिहायला लावा.

आमच्या कागदावर आठवडाभरात पोळ्या रोज होत्या, भाकरी तीनदा, थालीपीठ दोनदा, डोसे एकदा, आम्लेट चारदा आणि मासे एकदा. मग एकेका पदार्थासमोर मी लिहिलं, की याला मोठा सपाट तवा हवा आहे का.

घडीची पोळी सपाट प्लेटवर छान होते, एका वेळी दोन होतात. पण फुलक्याला शेवटी आच लागते. प्लेटखालची आच तुम्हाला दिसतही नाही, मग फुलका फुगवणार कुठे? भाकरीचंही तेच. पाणी फिरवलं, उलटली, आणि शेवटची बाजू तवा सरकवून थेट जाळावर धरली की ती टम्म फुगते. ग्रिडल सरकत नाही. म्हणजे शेजारचा बर्नर भाकरीसाठी मोकळा ठेवायला हवा आणि एक पाय इकडे, एक तिकडे अशी कसरत करायला हवी.

थालीपिठाने तर मला गप्पच केलं. आई म्हणाली, "थापू कुठे?" आमच्याकडे थालीपीठ गार तव्यावर तेल सोडून थेट थापतात, बोटाने भोकं पाडतात आणि मग तवा गॅसवर चढवतात. दुसरं थालीपीठ करायचं तर तवा नळाखाली धरून गार करतात, किंवा दुसरा तवा घेतात. बसवलेली प्लेट गार व्हायला अर्धा तास लागतो. ओल्या फडक्यावर थापून वर टाकता येतं, अनेक घरांत तसंच करतात. पण आमच्या आईच्या मते ते थालीपीठ नव्हे. यावर वाद घालायची माझी तयारी नव्हती.

उलट पुरणपोळी, डोसे, घावन, धिरडी, आंबोळ्या, कटलेट, साबुदाण्याचे पॅटिस यांना ग्रिडल म्हणजे चैन आहे. होळीला किंवा गौरी जेवायच्या दिवशी वीस-पंचवीस पुरणपोळ्या करायच्या असतील, तर दोन-दोन एकाच वेळी होतात. फुटलेलं पुरण मात्र लगेच ओल्या फडक्याने पुसायचं, नाहीतर गूळ जळून पुढच्या पोळीला कडू वास लागतो.

मी मनाशी ठरवलेला हिशेब असा: आठवड्यातून किमान तीन वेळा, एका बैठकीला पाचपेक्षा जास्त माणसांसाठी डोसे-धिरडी छापाचं काही होत असेल, तर कायमच्या ग्रिडलचा विचार करा. एकदाच होत असेल तर उचलता येणारा पुरे. हा नियम कुठे छापलेला नाही, माझा स्वतःचा आहे.

३. पोळ्यांच्या मावशींना विचारा

ही पायरी मी जवळजवळ विसरलोच होतो. तुमच्याकडे पोळ्यांना मावशी येत असतील तर रेंज वापरणारं मुख्य माणूस त्या आहेत, तुम्ही नाही. आमच्या मावशी दोन बर्नरवर दोन तवे ठेवून पाऊण तासात तीस पोळ्या उरकतात. मी त्यांना प्लेटचा फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, हा मधे तापणार, कडेला नाय तापणार. कडेची पोळी कडक व्हती." लोखंडाचा गुणधर्म मी विकिपीडियावर वाचला होता, त्या तीस वर्षं हाताने वाचत होत्या. लोखंडातून उष्णता आडवी हळू सरकते, त्यामुळे बर्नरच्या वरचा भाग आणि कडा यांत फरक पडतो. ॲल्युमिनियमच्या प्लेटवर तो फरक कमी असतो, पण तिच्यावर गार पीठ पडलं की ती लवकर गार होते.

४. सोवळं-ओवळं, उपास आणि अंडं

हा मुद्दा कुठल्याही माहितीपत्रकात नसतो, आणि पुण्यातल्या निम्म्या घरांत निर्णय यावरच अडतो. आमच्याकडे तीन तवे आहेत. पोळ्यांचा एक, भाकरीचा बिडाचा एक, आणि अंडी-मासळीचा एक, जो वेगळ्या खिळ्यावर टांगलेला असतो. आईच्या एकादशीचं साबुदाण्याचं थालीपीठ आम्लेटच्या तव्यावर होणार नाही. सुरमई तळलेल्या प्लेटवर नैवेद्याची पुरणपोळी तर नाहीच.

कायमचा बसवलेला ग्रिडल मात्र एकच. तो उचलून बाजूला ठेवता येत नाही, कितीही घासला तरी घरातल्या एखाद्या माणसासाठी तो "तोच" राहतो. यात बरोबर-चूक काही नाही. पण हे बोलणं रेंज आल्यावर निघालं तर लाखभराच्या वस्तूवर कायमचं झाकण पडतं. माझ्या एका नातेवाइकांकडे तसंच झालंय. त्यांच्या ग्रिडलवर आता फळांची टोपली असते.

५. दोन नॉबवर चिकटपट्टी लावा

बसवलेला ग्रिडल साधारण दोन बर्नरची जागा खातो. सहा बर्नरच्या रुंदीत चार बर्नर आणि ग्रिडल येतो, असं समजा. सध्याच्या शेगडीला चार बर्नर असतील तर दोन नॉबवर चिकटपट्टी लावून आठवडाभर काढा. सकाळी चहा, दूध, कुकर आणि भाजी एकाच वेळी लागतात तेव्हा काय होतं ते बघा. तिसऱ्या दिवशी आमच्या घरात पट्टी कोणी काढली हे अजून कबूल झालेलं नाही.

आणखी एक गोष्ट: पाच लिटरचा कुकर आणि मोठी कढई शेजारी-शेजारी ठेवली की कढईचे कान ग्रिडलवर येतात आणि तापतात. दुकानात जाताना आपली सगळ्यात मोठी कढई पिशवीत घालून न्या. लोक बघतील, बघू द्या.

६. फीत घेऊन ओट्यापाशी

इथे सावकाश जा, कारण इथली चूक पैशात मोजावी लागते.

आपल्याकडे ओटा साधारण दोन फूट खोल असतो आणि उंची घरातल्या बाईच्या उंचीप्रमाणे ३२ ते ३४ इंच, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटर. रेंज जमिनीवर उभी राहते आणि अनेक रेंज ९० सेंटिमीटरच्या आसपास येतात. पाय फिरवून उंची थोडी कमी होते, पण किती कमी होते ते माहितीपत्रकात बघा. नाहीतर पोळी लाटायची खाली आणि भाजायची चार इंच वर, असं होतं. आईचा खांदा दुसऱ्याच दिवशी तक्रार करेल.

रेंज बसवायला ओट्याचा ग्रॅनाईट कापावा लागतो आणि खालची कडप्प्याची उभी फळी काढावी लागते. फळी काढल्यावर उरलेल्या ओट्याला आधार कोण देणार, हे गवंड्याला आधी विचारा. आणि आपण ओटा पाणी टाकून धुतो. ते पाणी रेंज आणि ग्रॅनाईटच्या फटीतून खाली जातं, त्यामागून झुरळं जातात. फटीवर पट्टी बसवून घ्या आणि धुण्याची सवय पुसण्यावर आणा. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे.

ओटा न फोडता, फार तर थोडा कापून काम करायचं असेल तर ओट्यात बसणारी विजेची पट्टी किंवा साधा मोठा तवा एवढेच पर्याय उरतात.

पाणसळ लावून रेंज समतल बसवून घ्या. काही प्लेटना तेल ओघळून पन्हळीत जावं म्हणून किंचित उतार दिलेला असतो. मांसाच्या चरबीसाठी ते सोयीचं आहे. धिरड्याचं पातळ पीठ मात्र त्याच पन्हळीत जाऊन बसतं.

७. गॅस: कोणता, किती

तुमच्याकडे सिलिंडर आहे की महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन, हे दुकानदाराला पहिल्याच वाक्यात सांगा. दोन्हींसाठी बर्नरचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) वेगळे असतात. पाइपगॅसच्या जेटवर सिलिंडर जोडला तर पिवळी, उंच, काजळी धरणारी ज्योत येते. उलट केलं तर ज्योत मरतुकडी. ग्रिडलच्या बर्नरचा जेट वेगळा असतो आणि तोच बदलायचा राहतो, कारण तो प्लेटखाली दिसत नाही. बसवणाऱ्याकडून प्लेट उचलून दाखवून घ्या.

पाइपलाइनची जागा हलवायची असेल तर ते काम कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायचं. "आमचा प्लंबर करतो की" हे ऐकलं की हात जोडा.

आता खर्च. ३० बाय ४५ सेंटिमीटरची, एक सेंटिमीटर जाडीची बिडाची प्लेट जवळपास पावणेदहा किलोची होते. ती २०० अंशांपर्यंत नेण्यासाठी, निम्मी आच वाया जाते असं धरलं, तर सुमारे ३५ ग्रॅम गॅस लागतो. दीड किलोच्या घरच्या तव्याला पाचेक ग्रॅम. रोज एकदा तापवली तर महिन्याला पाऊण-एक किलो गॅस जास्त, १४.२ किलोच्या सिलिंडरमधून. परवडणार नाही असं नाही. पण एका आम्लेटसाठी दहा-बारा मिनिटं प्लेट तापायची वाट बघायची आणि मग तिची उरलेली उष्णता एप्रिलमधल्या पुण्यात अंगावर घ्यायची, हे मला जास्त महाग वाटलं.

हॉटेलांसाठी स्टीलची भट्टी बनवणारे कारागीर तुम्हाला निम्म्या किमतीत अस्सल जाड प्लेट देऊ करतील. मोह होतो, मलाही झाला. त्या भट्ट्या जास्त दाबाच्या बर्नरवर आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर चालतात. घरात नको.

८. माझी फुटलेली काच

रेंज घ्यायच्या आधी मी "प्रयोग म्हणून" दोन बर्नरवर बसणारी लांब प्लेट आणली आणि आमच्या काचेच्या शेगडीवर ठेवली. विकणाऱ्याने "कुठल्याही गॅसवर चालते" म्हणून सांगितलं होतं. चौथ्या डोशाला फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि काचेचे बारीक तुकडे चटणीत. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

कारण साधं आहे. रुंद प्लेट आच वर जाऊ देत नाही, ती खाली काचेवर आणि नॉबवर परतवते. काचेच्या शेगडीवर बर्नरच्या कक्षेबाहेर पसरणारा तवा कधीच ठेवू नका. स्टीलच्या शेगडीवरही नॉब आणि ऑटो इग्निशनची वायर तापते आहे का ते हात जवळ नेऊन बघा.

९. चिमणी

हे थोडक्यात. चिमणी निदान रेंजइतकी रुंद हवी. ९० सेंटिमीटरच्या रेंजवर ६० ची जुनी चिमणी ठेवली तर कडेच्या ग्रिडलचा धूर हॉलमध्ये जातो, आणि ग्रिडल बहुतेक वेळा कडेलाच असतो.

१०. दुकानात जाताना

बरोबर काय न्यायचं:

- फीत, पाणसळ, लहान लोहचुंबक (ॲल्युमिनियमला चिकटत नाही, बिडाला चिकटतो)
- मोठी कढई, आणि घरचा आवडता कालथा
- ओट्याचं मोजमाप लिहिलेला कागद: रुंदी, खोली, उंची, खिडकी, प्लग आणि गॅसची जागा
- गॅसचं पुस्तक किंवा पाइपगॅसचा ग्राहक क्रमांक

परत येताना काय मागायचं:

- बसवण्याचा आराखडा, मिलिमीटरमध्ये, छापील. तोंडी मापावर ग्रॅनाईट कापू नका
- जेट कोणत्या गॅसचे आहेत हे लिहिलेलं बिल
- ग्रिडल प्लेट, थर्मोस्टॅट आणि बर्नर यांची वॉरंटी वेगवेगळी लिहून. प्लेटचं नॉनस्टिक कोटिंग बऱ्याचदा वॉरंटीत नसतं
- सुटी प्लेट पुण्यात मिळते का, आणि किती दिवसांत
- ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो का. ग्रिडलच्या बर्नरलाही ही सोय आहे का, हे वेगळं विचारा, कारण तिथली ज्योत विझली तरी डोळ्यांना दिसत नाही

ओटा फोडायचा असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी लेखी कळवा. दुपारी एक ते चार तोडफोड केली तर काय होतं हे पुण्यात सांगायला नको.

प्रात्यक्षिक दाखवत असतील तर प्लेट तापल्यावर चिमूटभर कणीक सगळीकडे भुरभुरा. कुठे आधी तांबूस होते, कुठे पांढरीच राहते, त्यावरून आच कशी पसरते ते कळतं. थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा मी त्या कणकेवर विश्वास ठेवतो.

११. आम्ही काय केलं

शेवटी चार बर्नर आणि मध्ये एक लांबट बर्नर असलेली रेंज घेतली, उचलता येणाऱ्या प्लेटसह. प्लेट सोमवार ते शनिवार कोठीच्या दारामागे उभी असते. आईचे तवे आपापल्या खिळ्यावर आहेत. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर "मी पुसणार" असं द्यावं लागलं, आणि ते लेखी घेतलं गेलं.

तुमच्याकडे एकत्र कुटुंब असेल, तव्यांचा भेदभाव नसेल, स्वयंपाकघर मोठं असेल आणि फुलक्यांची सवय नसेल, तर कायमचा ग्रिडल खुशाल घ्या. माझ्या ओळखीत एका घरी रोज सकाळी आठ माणसांचे डोसे-उत्तप्पे होतात. त्यांना तो नसता तर काय केलं असतं असं वाटतं.

१२. घेतलाच, तर पहिले आठ दिवस

बिडाची किंवा लोखंडाची प्लेट असेल तर कारखान्यातलं तेल कोमट पाण्याने आणि साबणाने एकदाच धुऊन काढा, लगेच कोरडी करा. तापवा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, धूर निघेपर्यंत ठेवा, गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. खिडक्या उघड्या आणि चिमणी पूर्ण जोरावर. तेल जाड लागलं तर चिकट पापुद्रा धरतो आणि तो खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पहिल्या आठवड्यात चिंच-टोमॅटोचं काही तिच्यावर करू नका, पुरणपोळीही नको. तेलकट पदार्थ करा: कटलेट, कांद्याचे उत्तप्पे.

कोटिंगची प्लेट असेल तर यातलं काही करायचं नाही. फक्त घरातले लोखंडी कालथे लपवून ठेवा आणि लाकडी उलथनं पुढे ठेवा.

डोशाआधी अर्धा कांदा तेलात बुडवून प्लेटवर फिरवा. पहिला डोसा चिकटणारच. तो उभ्यानेच खाऊन टाका आणि पाहुण्यांना दुसऱ्यापासून वाढा.